शमिकाच्या यादीतलं अकरावं नाव

१

चोऱ्या मी पुष्कळ पाहिल्यात. एका वर्षी मिऱ्याला होडी जागच्या जागी राहिली आणि तिच्या खालचं पाणी तेवढं कुणीतरी नेलं. त्याला ओहोटी म्हणतात असं मास्तर म्हणाले, पण मास्तर पडले देशावरचे. तर सांगायचं एवढंच, की शमिका मयेकरच्या घरी परवाच्या जुलैत, एका गुरुवारी जी चोरी उघडकीस आली, तिच्यापुढे ते पाणी काहीच नाही. घरातली वाटीसुद्धा जागची हलली नव्हती. गेली होती ती पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातली सिव्हिलची सीट.

शमिका म्हणजे बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या गंगाराम मयेकरची एकुलती मुलगी. आई लहानपणीच गेली, तुळसा आत्यानं वाढवली. तिला बंदरं बांधायची होती. मुली चित्रं काढतात तशी ही धक्के काढायची, त्यावर लाट कुठून येईल याचे बाण दाखवून. सीईटीला सत्त्याण्णव पर्सेंटाईल पडले तेव्हा गंगारामनं वाडीत पेढे वाटले. मला दोन मिळाले, पण मी पाच खाल्ले असं तो अजून सांगतो.

प्रवेशाचं हल्ली असं असतं. पोर्टलवर कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं भरायची, यादी लॉक करायची आणि गप्प बसायचं. शमिकानं अकरा नावं भरली. पहिलं पुण्याचं. अकरावं खेडच्या बाजूच्या एका खासगी कॉलेजचं, तेही कुठंच काही नाही लागलं तर हाताशी असावं म्हणून.

गुरुवारी पहिली फेरी लागली. तिला खेडचं कॉलेज मिळालं होतं, आणि त्यापुढे लिहिलं होतं, पसंती क्रमांक एक.

पहिली पसंती मिळाली की सीट आपोआप गोठते. जे सर्वांत आधी मागितलंत ते दिलं, आता पुढच्या फेऱ्यांत तुमचं काय काम, असा नियम. शमिकानं लॉक झालेला फॉर्म उघडून पाहिला. खेड पहिलं, पुणं अकरावं. मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला कुणीतरी तिच्या नावानं आत शिरून अख्खी यादी उलटी केली होती आणि कुलूप घालून निघून गेलं होतं. पुण्याचा कटऑफ त्या दिवशी चौऱ्याण्णवला थांबला होता.

पोरगी ओट्यावर बसून एवढंच म्हणत राहिली की यादी उलटी केली, माझी यादी उलटी केली. गंगारामनं ते शब्द ऐकले, पायात चपला घातल्या आणि एसटी स्टँडजवळच्या हर्षदच्या सायबर कॅफेत जाऊन काही न विचारता त्याच्या कानाखाली वाजवली.

२

मथुराबाई नाटेकर माझ्या शेजारीण. एका कॉलेजात तेहतीस वर्षं त्या प्रवेशाच्या खिडकीत बसत होत्या. खोटी मार्कलिस्ट त्या वाचत नसत, नुसती कानाशी धरत. त्यांच्या खिडकीपुढे एका गृहस्थाची अशी गाळण उडाली, की त्यानं मुलाच्या दाखल्यांबरोबर सासऱ्याचं मृत्युपत्रही आत सरकवलं, आणि बाईंनी तेही तपासून त्यातली खाडाखोड दाखवली. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण सांगणारा मीच असल्यामुळे विश्वास ठेवायला हरकत नाही.

शुक्रवारी सकाळी शमिका त्यांच्याकडे आली. डोळे सुजलेले, पण बोलणं नीट. ती आदल्या दिवशीच सुविधा केंद्रावर जाऊन आली होती. तिथल्या अधिकाऱ्यानं सांगितलं की मिळालेली सीट शनिवारी पाचच्या आत स्वीकारायची, नाहीतर तीही जाईल. आणि बाहेरच्या माणसानं फॉर्ममध्ये हात घातल्याचं पोलीस तक्रारीसकट दाखवता आलं, तर तो अर्ज वर पाठवील. वरचे ऐकतील का, ते त्याला ठाऊक नव्हतं. असं एकदा झालंय म्हणे कुठंतरी.

"म्हणजे चोर बाहेरचा निघाला तर थोडी आशा," मथुराबाई म्हणाल्या.

"बाबा तर आजच जाणार होते चौकीवर हर्षददादाच्या नावानं. मी उद्यापर्यंत थांबवलंय. मावशी, हर्षददादानं केलं असेल असं मला नाही वाटत. पण त्यानंच केलेलं असू दे, असंही वाटतंय."

बाईंनी पायात चपला सरकवल्या. मग मला स्कूटर काढायला सांगितली आणि तिला विचारलं की पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता.

शमिकानं फाईल पुढे केली. पासवर्ड फाईलच्या पुठ्ठ्यावरच लिहिलेला होता, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

३

हर्षदचा डावा गाल अजून लाल होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ऐन प्रवेशाच्या दिवसांत त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, पण थप्पड वाडीवाडीत पोचली होती आणि पोरं आता स्टँडच्या पलीकडच्या दुकानात रांग लावत होती. गावात आणखी एक बोललं जात होतं, की खेडचं ते कॉलेज हर्षदला माणशी काहीतरी देतं. तो ते नाकारत नव्हता. त्यांचा माणूस येऊन तसं बोलून गेला होता, आपण हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं. खरं सांगणाऱ्या माणसाची पंचाईत असते, त्याला अर्धवट गोष्टसुद्धा अर्धवटच सांगावी लागते.

त्याची हकिगत अशी. सोमवारी शमिका आणि तिची मैत्रीण वैष्णवी दोघी दुकानात बसून याद्या भरून गेल्या. शमिकानं यादी सेव्ह केली, लॉक केली नाही. रात्रभर विचार करते म्हणाली. बुधवारी संध्याकाळची मुदत होती. तेव्हा आपण विसरलो तर दादा तुम्ही लॉक करा, असं सांगून गेली. बुधवारी दुपारी हर्षदनं उघडून पाहिलं तर यादी लॉक झालेली. त्याला वाटलं पोरीनं घरूनच केली. शमिकानं बुधवारी पाहिलं तेव्हा तिला वाटलं दादानं केली. आत काय लिहिलंय ते दोघांनीही पाहिलं नाही.

"लॉक करताना मोबाईलवर ओटीपी येतो ना?" बाईंनी विचारलं.

"येतो. त्याशिवाय होतच नाही. मलाही घरी फोन करून तो विचारावा लागला असता."

बाहेर असा बोलबाला होता की हर्षद सगळ्या पोरांच्या फॉर्मवर स्वतःचाच नंबर टाकतो. काही सायबरवाले टाकतातही. म्हणून तर गंगारामचा हात एवढा सैल सुटला होता. हर्षद उठला, नोंदवही काढली आणि शमिकाच्या पानावर बोट ठेवलं.

नंबर हर्षदचा नव्हता. तो नंबर मला तोंडपाठ होता, कारण सुरमई आली की मी त्यावर फोन करतो. तो गंगारामचा होता.

४

वैष्णवी पावसकरला पहिल्याच फेरीत पुण्याची तीच सिव्हिलची सीट लागली होती. शमिकापेक्षा तिला दीड पर्सेंटाईल कमी होते. गावानं दुसऱ्या नंबरचा संशय तिच्यावर ठेवला होता. आम्ही गेलो तर तिच्या घरी आनंदाची काही खूण नव्हती. आईनं शिरा केला होता, तो पातेल्यात तसाच होता. वैष्णवीनं सांगितलं की पासवर्ड तिला माहीत होता, शमिकाचा तिला आणि तिचा शमिकाला. मंगळवारी सकाळी ती तहसील कचेरीत दाखल्याच्या रांगेत होती, रांगेतली माणसंही तिनं मोजून सांगितली. मग म्हणाली, शमिकानं दोन दिवस फोन उचलला नाहीये, आणि आपण पुण्याला जावं की नाही हेच कळत नाहीये.

मथुराबाईंनी तिला शिरा खायला सांगितलं. एवढंच.

तिथून गंगारामच्या घरी. गंगाराम चौकीतल्या ओळखीच्या हवालदाराला भेटायला गेला होता. ओट्यावर तुळसा आत्या बसलेली. साठीची बाई, बोलायला फटकळ. शमिकाला इतक्या लांब पाठवू नये, इथंच कुठंतरी शिकू दे, असं ती महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होती. गंगारामचा फोन कुठं असतो विचारल्यावर तिनं भिंतीवरच्या खणाकडे बोट केलं. सध्या मासेमारीला बंदी, लिलाव नाही, त्यामुळे भावाचा फोन दिवसभर त्या खणात चार्जिंगला पडलेला असतो आणि भाऊ घरभर येरझाऱ्या घालत असतो.

बाईंनी विचारलं की मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास घरात कोण होतं.

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शमिका मागीलदारी कपडे वाळत घालत होती. ती ऐकत नाहीसं पाहून आत्या एकदम आवाज खाली घेऊन बोलली.

"बाई, उगाच त्या पोराला मारलान गंगारामनं. मीच केला हा सगळा."

५

मी स्कूटरची चावी खिशात टाकली. म्हटलं, संपलं, घरची भेदी सापडली. पण मथुराबाईंनी आत्याच्या शेजारी बसकण मारली आणि कसं केलंत ते सविस्तर विचारलं.

सविस्तर असं निघालं. मंगळवारी सकाळी आत्या किल्ल्यावर भगवतीच्या देवळात गेली होती. तिथं तिनं गाऱ्हाणं घातलं, की आमची पोर लांब जाऊ नये, जवळचं काय ते तिच्या पदरात घाल. नारळही ठेवला. बरोबर त्याच दिवशी यादी फिरली. आता देवीला उलट गाऱ्हाणं घालावं तर ती काय म्हणेल, या भीतीनं बाई आदली रात्रभर झोपली नव्हती.

"तुळसाबाई, देवी अकरा चाळीसला लॉगिन करत नाही," मथुराबाई म्हणाल्या. "आणि तिनं केलंच असतं तर तिला खेड कशाला सुचलं असतं? इथलं रत्नागिरीतलं कॉलेज यादीत होतं की सातव्या नंबरला."

हे बोलून झालं आणि बाई स्वतःच थांबल्या. जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणीतरी बोललं असावं, आणि त्यातलं काहीतरी त्यांना आत्ता ऐकू आलं असावं. मग त्यांनी फाईल मागवली. सोमवारची यादी आणि लॉक झालेली यादी ओट्यावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि बोट वरून खाली, खालून वर असं फिरवलं. अकरा ओळी. मला त्यात काही दिसेना.

एवढ्यात गंगाराम आला. उद्या चार वाजता तक्रार नोंदवून घेतो असं हवालदारानं कबूल केलं होतं. त्यानं हर्षदचा पाच पिढ्यांचा उद्धार केला. बाईंनी तो ऐकून घेतला आणि मग लिलाव कसा चालतो ते विचारलं. मला वाटलं बाईंचं वय झालं. पण गंगारामचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा खुलला. त्यानं सांगितलं की पहिली बोली म्हणजे नुसती सुरुवात, तिला काही अर्थ नाही. कुणीतरी काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो. बोली चढत जाते, आणि जिच्यावर येऊन थांबते तिला माल जातो. सगळं शेवटच्या बोलीत.

परत येताना बाई स्कूटरवर माझ्या मागं दोन्ही याद्या पदराखाली धरून बसल्या होत्या. पालीच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो असतो तरी त्या बोलल्या नसत्या. दारात उतरल्यावर म्हणाल्या,

"मला सापडलं. सापडलं नसतं तर त्या पोरीच्या हातात निदान एक अर्ज राहिला असता."

६

शनिवारी दुपारी तीनला गंगारामच्या पडवीत सगळे जमले. शमिका, आत्या, वैष्णवी, आणि बाईंनी मुद्दाम बोलावलेला हर्षद, लॅपटॉपसकट. गंगारामनं त्याला आत यायला दिलं ते केवळ बाईंच्या तोंडाकडे बघून. तक्रारीचा कागद त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

मथुराबाईंनी दोन्ही याद्या मध्ये ठेवल्या. मग खिडकीत बसून बोलायच्या तशा कोरड्या आवाजात बोलू लागल्या.

कॉलेजकडून काही मिळावं म्हणून हर्षदनं हे केलं असतं, तर त्यानं फक्त खेड उचलून वर ठेवलं असतं. एका नावाचं काम. बाकीची दहा नावं तो कशाला हलवील? आणि ओटीपी त्याच्याकडे गेलाच नाही. वैष्णवीला शमिकाची सीट हवी असती तर तिनं पुणं खोडलं असतं. तेही एका नावाचं काम, आणि ओटीपी तिच्याकडेही गेला नाही. आत्यांना मुलगी घरी हवी होती, तर रत्नागिरीचं सातवं नाव वर आलं असतं. पण इथं काय झालंय? अकराची अकरा नावं आहेत. एकही गाळलेलं नाही. अकरावं पहिलं झालं, दहावं दुसरं, असं एकेक नाव आपल्या उलट्या जागी नीट नेऊन बसवलंय. मोबाईलवर हे करायचं म्हणजे अर्धापाऊण तासाचं काम. वाईट करणाऱ्याला एवढी फुरसत नसते. हे कुणीतरी फार मन लावून, फार जपून केलंय.

"ज्यानं केलं त्याला शमिकाला पुणंच मिळवून द्यायचं होतं," बाई म्हणाल्या, आणि लॉक झालेली यादी त्यांनी गंगारामच्या हातात दिली. "गंगाराम, ही यादी तुम्ही गुरुवारपासून पाहिलीये का?"

त्यानं पाहिली नव्हती. यादी उलटी केली एवढं ऐकलं आणि तो बाहेर पडला होता. आता त्यानं ती लांब धरली, बोटानं खालपर्यंत आला आणि त्याचे खांदे सैल पडले, बरं वाटल्यासारखे.

"ही तर माझीच. ही सरळ हाय," तो म्हणाला. "बाय मंगळवारी नळावर गेली तेव्हा मी बघितला, तर पुना सगळ्यात वर आनि खेड तळाला. तळाला लॉकचा बटन. मी म्हटला, पोर घाईत उलटी भरून बसली. बटन दाबला की खेडच लॉक होनार. तिला बोललो असतो तर म्हनाली असती, बाबा, हात लावू नका. म्हनून गुपचूप सरळ करून ठेवली. नंबर जुळवून जुळवून. पुना बरोब्बर बटनाच्या वरती आनला, फोनवर नंबर आला तो टाकला आनि बटन दाबला."

हर्षदनं लॅपटॉप बाजूला ठेवला.

"मग ह्या हर्षदनं परत उलटी केलीन ना," गंगाराम म्हणाला. त्यानं कागद पुन्हा पाहिला. मग बाईंकडे. "पन ही तर तशीच हाय, मी ठेवली तशी. मग खेड कसा लागला?"

मी आयुष्यात नाही नाही त्या गोष्टी सांगितल्यात, समोरच्याला पटवूनही दिल्यात. त्या पडवीत मला एक शब्द सुचला नाही. शेवटी शमिका उठून बापाशेजारी जाऊन बसली. तिनं कागदावर सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळू सांगितलं की पोर्टल इथून वाचतं, बाबा. जे पहिलं जमेल तिथं थांबतं. खाली येतच नाही.

गंगारामनं खिशातला तक्रारीचा कागद काढला, आणि त्याचं काय करायचं ते न कळल्यामुळे तो हर्षदच्या हातात दिला.

७

चार वाजून गेले होते. वर पाठवायला आता अर्ज नव्हता. मुलीचा फॉर्म घरच्या फोनवरून, घरच्या माणसानं, ओटीपी टाकून लॉक केला होता, आणि त्याला बाहेरचा हात म्हणणं म्हणजे हर्षदला खोट्या गुन्ह्यात घालणं. मथुराबाईंनी हे शमिकाला स्पष्ट सांगितलं. दोन रस्ते उरले होते. पाचच्या आत खेड घ्यायचं, नाहीतर सोडून देऊन वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायची.

गंगाराम कोपऱ्यातून म्हणाला की सोडून दे बाय, थांब एक वर्ष, पुढल्या वर्षाला तुझी तू भर, मी फोन देवघरात ठेवीन. आत्यानंही मान हलवली. वैष्णवी म्हणाली की मी माझ्या वह्या तुला ठेवून जाते. बाईंचाही कल तिकडेच होता, तो मला दिसत होता. सत्त्याण्णववाली पोर, तिला एक वर्ष काही जड नव्हतं.

शमिका उठून अंगणात गेली. मथुराबाई तिच्या मागोमाग गेल्या, आणि त्यांना आधार द्यायला म्हणून मी.

"मावशी, मी खेड घेते."

"का गं? बाबा थांब म्हणतायत."

"म्हणूनच. मी वर्षभर या घरात पुस्तक घेऊन बसले, तर ते रोज सकाळी उठून मला बघतील. बंदीत तर दिवसभर. मला बघवणार नाही, आणि त्यांना तर नाहीच."

तेहतीस वर्षांत बाईंच्या खिडकीतून हजारो कागद गेले असतील, पण शमिकाच्या या बोलण्यासारखा, ज्यात कुठलीच त्रुटी काढता येऊ नये असा, एकही गेला नसावा. पोरगी आत गेली.

हर्षदनं लॅपटॉप उघडला. लाल गाल तसाच होता, पण त्यानं शमिकाला एकेक चौकट समजावून दाखवली आणि तिनं स्वतः बटण दाबलं. चार बेचाळीसला सीट पक्की झाली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. सिव्हिल तिथं नव्हतंच.

गंगारामला हर्षदची माफी मागायची होती, पण ते शब्द त्याच्या तोंडाला लागलेले नव्हते. तो नुसता त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. पोरानं लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली. गंगाराम तिथंच.

"हर्षद," शेवटी तो म्हणाला, "ता कालेज चांगला हाय ना रे?"

त्या कॉलेजातून गेल्याच वर्षी हर्षदचा सख्खा भाऊ शिकणं सोडून परत आला होता. पडवीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, गंगाराम सोडून. हर्षदनं एकदा शमिकाकडे पाहिलं. ती कागदांची फाईल लावत होती, पाठ करून.

"चांगलं आहे, काका," हर्षद म्हणाला. "एकदम चांगलं."